नवेगावबांधच्या तलावावर

महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेला भंडारा आणि गोंदिया हे दोन जिल्हे आहेत. पूर्वी हे दोन्ही मिळून एकच भंडारा जिल्हा होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जिल्हे दोन झाले, तरी त्यांची ओळख एकच राहिली. हा तलावांचा प्रदेश आहे. येथे गाव तेथे तलाव, आणि तलाव पुरला नाही तर शेजारी एखादी बोडी. बोडी म्हणजे लहान तळे. पावसाळ्यानंतर एखाद्या टेकडीवर चढून पाहिले, तर हिरव्या भातशेतीत आरशाचे तुकडे विखुरल्यासारखे पाणी चमकताना दिसते.

या तलावांना सरकारी कागदांत 'मामा तलाव' म्हणतात. हे नाव मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा मला वाटले की हे कोणाच्या तरी मामाने खोदले असतील! नंतर कळले की 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची पहिली अक्षरे घेऊन 'मामा' झाले आहे. मालगुजारी हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तो फारसीतून आला आहे. गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणारा तो मालगुजार. गावातील तलावही त्याच्याच ताब्यात असत. त्या काळी हा भाग मध्य प्रदेशात होता. तेथील १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजार गेले, पण त्यांचे नाव तलावांना चिकटून राहिले.

असे हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत. त्यांतील एका मोठ्या आणि प्रसिद्ध तलावाची ही माहिती आहे. त्याचे नाव नवेगावबांध. १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्यात होता. आता गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. तलावाचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. भोवती डोंगर आणि दाट जंगल. पाण्याच्या मध्ये एक बेट आहे, त्याला मालडोंगरी म्हणतात. १९७५ साली येथील सुमारे १३४ चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आले. २०१३ साली नवेगाव आणि नागझिरा मिळून वाघांसाठी राखीव क्षेत्र झाले. वाघ दिसला तर नशीब! पाणपक्षी मात्र हिवाळ्यात जाणाऱ्याला सहसा निराश करत नाहीत. येथील पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचे नाव दिलेले आहे. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

नवेगावबांधला जाणे अवघड नाही. नागपूरहून रायपूरकडे जाणारा मोठा रस्ता धरायचा. वाटेत भंडारा आणि वैनगंगेचा पूल लागतो. पुढे लाखनी आणि साकोली ही गावे लागतात. कोहमाऱ्याला उजवीकडे वळले की थोड्याच वेळात तलावाची पाळ दिसू लागते. पाळ म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध. तुमच्यापैकी कोणी घरच्यांबरोबर प्रतापगडला गेला असाल, तर हा रस्ता तुम्हांला आठवेल. प्रतापगडाला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. तेथे दर्गाही आहे आणि दोन्ही धर्मांचे लोक दोन्हीकडे जातात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी फजीत झालो. सावकाश जेवून, दुपारी बारा वाजता, मी पाळीवर उभा राहिलो. ऊन डोळ्यांवर येत होते. दूरवर पाण्यात काळे ठिपके तरंगत होते. ते पक्षी होते की लाकडे, तेही कळेना. अर्धा तास उभा राहून मी परत फिरलो आणि घरी सांगितले की, "तेथे काही नाही." पाळीखाली जाळे विणत बसलेला एक म्हातारा मासेमार मला जाताना पाहून नुसता हसला होता. तो का हसला, हे मला पुढच्या वेळी समजले.

पुढच्या वेळी मी नोव्हेंबर महिन्यात गेलो. बरोबर शाळेची मुले होती. रात्री मुक्काम केला आणि पहाटे, अंधार असतानाच, आम्ही पाण्याकडे निघालो. पांढरे आणि लाल कपडे कोणी घालायचे नाहीत, मोठ्याने बोलायचे नाही आणि बोटाने एकदम दाखवायचे नाही, असे आधीच ठरले होते. सूर्य आपल्या पाठीशी येईल अशी जागा आम्ही निवडली. म्हणजे ऊन पक्ष्यांवर पडते आणि त्यांचे रंग दिसतात. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यामुळेच मागच्या वेळचे काळे ठिपके या वेळी रंगीत पक्षी झाले.

आधी फक्त आवाज आले. पाण्यावर धुके होते. धुक्यातून शिट्ट्या ऐकू येत होत्या. एक मुलगा कुजबुजला, "सर, एवढ्या पहाटे शिट्टी कोण वाजवते?" त्या अडई नावाच्या बदकांच्या शिट्ट्या होत्या. अडई उडताना शीळ घालते. रात्रभर भाताच्या बांध्यांत आणि उथळ पाण्यात चरून त्यांचे थवे पहाटे तलावावर परत येतात आणि दिवसभर पाण्यावर विश्रांती घेतात. अडई बाराही महिने आपल्याकडे असते. पाहुणे वेगळे.

धुके विरले तसे पाहुणे दिसू लागले. शेपटी तलवारीच्या टोकासारखी असलेले तलवार बदक आले होते. फावड्यासारख्या रुंद चोचीचा थापट्या पाणी गाळत फिरत होता. ही बदके सायबेरिया आणि मध्य आशियातून येतात. तेथे हिवाळ्यात तळी गोठतात. बर्फाखालचे अन्न बदकाला कसे मिळणार? म्हणून ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिणेकडे येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. या भागातील काही तलावांवर पट्टकादंब नावाचा हंसही येतो. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. तो तिबेट आणि मंगोलियाकडचा रहिवासी, आणि भारतात येताना हिमालय ओलांडतो. योगायोग असा की, याच तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ सालापासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. ती माणसेही डोंगर ओलांडूनच आली. फरक इतकाच की, हंस दर वर्षी परत जातो.

आता तलावाकडे नीट पाहू. आपल्याला पाणी सगळीकडे सारखेच दिसते. पक्ष्यांसाठी मात्र त्या पाण्यात निरनिराळ्या वस्त्या असतात. पाळीजवळ पाणी खोल असते आणि समोरच्या बाजूला जमीन हळूहळू वर चढत गेल्यामुळे ते उथळ होत जाते. कोणता पक्षी कोठे राहील, हे त्याचे पाय, मान आणि चोच यांवर ठरते.

अगदी काठावरच्या चिखलात तुतवार धावत असतो. बोटाएवढ्या चोचीने तो चिखलातले किडे टिपतो. त्याच्या पुढे, घोटाभर पाण्यात, शेकाट्या चालतो. त्याचे लालसर पाय इतके लांब आणि बारीक असतात, की काड्यांवर चिमुकले शरीर ठेवले आहे असे वाटते. त्याहून पुढे, गुडघाभर पाण्यात, बगळे उभे असतात. ढोकरी मातकट रंगाची असते. ती काठावर इतकी स्तब्ध बसते, की आमच्यातील एका मुलीचा पाय तिच्यावर पडता पडता राहिला. उडाली तेव्हा मात्र पांढरे पंख लख्ख दिसले. "सर, दगडाला पंख फुटले!" असे ती म्हणाली. याहून चांगले वर्णन मला तरी सुचले नसते.

उघड्या चोचीचा करकोचा हा एक विचित्र पक्षी आहे. चोच मिटली तरी तिच्या मधोमध फट राहते. मुलांना वाटले की हा पक्षी जखमी आहे. पण ती फट त्याच्या उपयोगाची आहे. पाण्यातल्या गोगलगायींचे कवच धरून आतला मऊ जीव बाहेर काढायला ही चोच त्याला कामी येते.

जेथे कमळाची पाने पसरली आहेत, तेथे कमळपक्षी असतो. याच्या पायांची बोटे फार लांब असतात. त्यामुळे शरीराचा भार मोठ्या जागेवर पसरतो आणि पान बुडत नाही. कमळपक्ष्यांत अंडी उबवण्याचे आणि पिले सांभाळण्याचे काम नर करतो. मादी अंडी घालून मोकळी होते. हे ऐकून मुलींनी मुलांकडे पाहिले आणि मुलांनी तलावाकडे.

पुढे, खोल पाण्यात, पोहणारे आणि बुडी मारणारे पक्षी. तलवार बदकासारखी बदके पुरती बुडत नाहीत. डोके पाण्यात आणि शेपटी आभाळाकडे, अशी उलटी होऊन ती पाण्याखालच्या वनस्पती खातात. म्हणजे जेथवर त्यांची मान पोचते तेथवरच त्यांचे अन्न. मोठी लालसरी हे बदक मात्र बुडी मारते. त्याचे पाय शरीराच्या मागच्या बाजूला असतात. पाण्यात ते वल्ह्यासारखे चालतात, पण जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा वारकरी तर उडण्यापूर्वी पाण्यावरून बराच धावतो. पाण्यात बुडालेल्या एका वाळक्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. त्यांचे पंख पाण्यात भिजतात. भिजलेले पंख जड असतात; म्हणून मासे पकडून झाले की ते पंख वाळत घालतात. त्यांच्याजवळच सर्पपक्षी पोहत होता. त्याचे सगळे अंग पाण्याखाली असते आणि फक्त लांब मान वर दिसते. लहानपणी याला पाहून साप समजून पळालेले अनेक लोक या भागात भेटतील.

आता एक प्रश्न. हे पाणी जर सगळीकडे सारखेच खोल असते, तर यांपैकी किती पक्षी येथे राहिले असते? तुतवार, शेकाट्या, ढोकरी, कमळपक्षी यांना जागाच उरली नसती. उथळ काठ, चिखल, पाणगवत, कमळे, हे सगळे आपल्याला कधीकधी अस्वच्छ वाटते. 'तलाव स्वच्छ करा' म्हणून आपण ते उपसून काढतो, काठ उभे कापतो आणि दगडी बांधून घेतो. तलाव मग घासलेल्या बादलीसारखा दिसतो. पक्ष्यांच्या उपयोगाचाही तो बादलीइतकाच. गाळ काढणे वाईट नाही. शेतकऱ्याला पाणी हवेच. पण सगळीकडून सारखा गाळ काढणे आणि सगळे गवत उपटणे, यात पक्ष्यांचे घर जाते, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हा तलाव निसर्गाने केलेला नाही. तो माणसांनी बांधला. कोहळी समाजातील कोलू पाटील यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा बांध घातला, असे येथे सांगतात. तलाव बांधण्यात कोहळी लोक वाकबगार होते. गोंड राजांनी त्यांना उत्तेजन दिले. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा सांगितली जाते. कोलू पाटलांना लोक पुढे देव मानू लागले. कोलासुर देव म्हणून त्यांचे ठाणे येथील डोंगरावर आहे. तलावाभोवतीच्या सात डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात. राजांचे किल्ले पडले, राजधान्या बदलल्या. मातीचा हा बांध मात्र अजून पाणी धरून आहे.

बांध कशासाठी घातला? पक्ष्यांसाठी नव्हे, भातासाठी. या भागात पाऊस पुष्कळ पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो. भाताचे दाणे भरण्याच्या वेळी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तो बहुधा दगा देतो. त्या वेळी साठवलेले पाणी सोडले तर पीक हाती येते. पाणी सोडले की तलावाची पातळी उतरते. पातळी उतरली की रुंद ओला काठ उघडा पडतो. त्या चिखलात किडे, शिंपले, गोगलगायी, गवताचे बी, असे पुष्कळ अन्न असते. आणि नेमके त्याच वेळी उत्तरेकडचे पक्षी येऊन पोचतात. शेतकरी पाणी काढतो आणि पाहुण्यांचे ताट वाढले जाते. हिवाळाभर पाणी हळूहळू मागे सरत जाते आणि ताटही पुढे पुढे सरकते. शेतकऱ्याच्या गरजेवर पाखरांची गरज अशी बेतलेली आहे.

पक्ष्यांची ही सारी माहिती आपल्याला कोणी दिली? पहिले नाव डॉ. सलीम अली यांचे. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. (येथेही मामाच!) लहान सलीमने एकदा छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कार्यालयात पाठवले. तेथील सचिव मिलर्ड यांनी चिमणी ओळखली आणि कपाटे उघडून मुलाला पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. मुलगा त्या दिवशी पक्ष्यांच्या मागे लागला तो जन्मभर. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले. बदकांच्या पायांत क्रमांक घातलेली हलकी वाळी अडकवून ती कोठून येतात आणि कोठे जातात, याचा शोध त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. सायबेरियाचे बदक आपल्याकडे येते, हे आपण खात्रीने सांगतो ते अशा वाळ्यांमुळे. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९८५ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातही ती चिमणी आहे. २० जून १९८७ रोजी ते वारले.

दुसरे नाव मारुती चितमपल्ली यांचे. ते वन अधिकारी होते आणि काही वर्षे नवेगावबांधला होते. ते सोलापूरचे, त्यांच्या घरी तेलुगू बोलत. तरी मराठीत त्यांनी जंगलावर अशी पुस्तके लिहिली, की शहरातली माणसे ती वाचून जंगलाकडे वळली. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचे पुस्तक याच तलावाविषयी आहे. गावातले माधवराव पाटील डोंगरवार त्यांचे सोबती होते. पाटलांना या पाण्याची आणि पाखरांची खडान्‌खडा माहिती होती. बगळ्यांच्या वसाहतीला मराठीत शब्द नव्हता. चितमपल्लींनी 'सारंगागार' हा शब्द रूढ केला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. म्हणून २०२० सालापासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. एकाची घरची भाषा तेलुगू, दुसऱ्याने लिहिले इंग्रजीत. पाखरांना त्याचे काय!

आम्ही ज्या पक्ष्याची वाट पाहिली, तो दिसला नाही. तो म्हणजे सारस. उर्दूतही त्याला सारसच म्हणतात. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच पक्षी हाच. मोठा सारस माणसाएवढा, म्हणजे जवळजवळ सहा फूट उंच असतो. अंग राखाडी, डोके आणि मानेचा वरचा भाग लाल. नर-मादी वर्षानुवर्षे जोडीने राहतात आणि दोघे मिळून साद घालतात. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आता ते पन्नाससुद्धा नाहीत.

सारस पावसाळ्यात घरटे करतो, आणि तेही बहुधा भाताच्या बांधीत. गवत आणि भाताची रोपे ओढून तो पाण्यात मोठा ढीग रचतो. त्यावर बहुधा दोन अंडी. महिनाभर दोघे आळीपाळीने ती उबवतात. आता शेतकऱ्याच्या बाजूने विचार करा. एकरभर शेत आहे. त्यात एका कोपऱ्यातले भात उपटले गेले आणि सारस पाहायला लोक शेत तुडवत आले. त्याला राग येणारच. काही शेतकऱ्यांनी अंडी फोडली, हे खरे आहे. पण घरट्याभोवतीचे भात न कापता पिले मोठी होईपर्यंत थांबणारे शेतकरीही याच जिल्ह्यांत आहेत. त्यांच्यामुळेच आज सारस शिल्लक आहे. गोंदियाच्या 'सेवा' या संस्थेचे कार्यकर्ते दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी सारस मोजतात आणि घरट्यांवर लक्ष ठेवतात. शेतकऱ्याखेरीज दुसरे धोकेही आहेत: पिकावर मारलेले विष, विजेच्या उंच तारा आणि बुजत चाललेल्या बोड्या.

परतताना तो जाळे विणणारा म्हातारा पुन्हा भेटला. मुलांनी त्याला घेरले. "काका, पूर्वी इथं जास्त पाखरं यायची का?" एकाने विचारले. तो म्हणाला, "पोरांनो, पाखरू काय खाते ते आधी पाहा. ते असेल तर पाखरू येते." मग त्याने दूर काठावरच्या जांभळ्या फुलांच्या झुडपांकडे बोट केले. "हे बेशरम आले आणि चारा गेला."

बेशरम हे त्या झुडपाचे येथले नावच आहे. मुलांना हसू आवरेना. पण नाव बरोबर आहे. तोडले तरी ते पुन्हा वाढते, वाळल्यासारखे दिसले तरी फुटते. मूळचे दक्षिण अमेरिकेतले हे झुडूप आपल्याकडे आले आणि तलावांच्या उथळ काठांवर पसरले. ते जेथे दाट होते, तेथे देवधान उगवत नाही. देवधान म्हणजे पाण्यात आपोआप येणारे रानभात. ते गेले, पाणगवत गेले, की मरळ, मांगूर अशा गावठी माशांना अंडी घालायला जागा उरत नाही. त्यांच्यावर जगणारा सर्पपक्षी आणि त्यांच्यावर जगणारा मासेमार, दोघेही अडचणीत येतात.

मासेमारी हा येथील धीवर समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. यांपैकी काही गावांतील धीवरांनी 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेबरोबर एक काम हाती घेतले. कोणत्या तलावात पूर्वी कोणती वनस्पती होती, कोणता मासा कशाच्या आडोशाला राहत असे, हे त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढले. मग उन्हाळ्यात तलाव आटले की बेशरम मुळासकट उपटायचे, कोरडा तळ नांगरायचा आणि पाऊस पडल्यावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती तेथे लावायच्या. शेतात रोवणी करतात तशीच ही तलावातली रोवणी! बायकांनी यात मोठा वाटा उचलला. वनस्पती लागल्या, तसे गावठी मासे वाढले आणि त्यांच्या मागोमाग पक्षीही आले. म्हाताऱ्याने सांगितले होते ते असे पडताळून पाहिले गेले.

संध्याकाळी आम्ही पुन्हा पाळीवर बसलो. सूर्य डोंगराआड गेला आणि पाणी आधी तांबूस, मग काळे झाले. बगळे ओळीने मालडोंगरीकडे निघाले. थोड्या वेळाने मधल्या पाण्यातून पहिली शीळ आली. मग दुसरी. बघता बघता अडईंचा थवा उठला आणि आमच्या डोक्यांवरून, शिट्ट्या घालत, खालच्या भातशेतीकडे गेला. एक मुलगा बोटांवर मोजत होता. साठपर्यंत मोजले आणि मग अंधारात त्याचा हिशेब चुकला.